आगाऊ वर्गणी

मासिकाच्या कचेरीत सर्वांत मोलाचं काय असतं? संपादक लेखांच्या फायलीकडे बोट दाखवतील, व्यवस्थापक मात्र लोखंडी कपाटाची किल्ली चाचपतील. त्या कपाटात वर्गणीदारांची वही असायची. ऐंशीच्या दशकात कॉलेजात असताना मी पुण्यातल्या एका मासिकात दुपारची कामाला जायची. तिथे पहिल्यांदा माझ्या हाती आली ती ही वही. लांब, कापडी पाठीची. डावीकडे वर्गणीदार क्रमांक, मग नाव, पत्ता, पावती क्रमांक, आणि वर्गणी कुठल्या महिन्यात सुरू होऊन कुठल्या महिन्यात संपते त्याचा रकाना. त्यात साखर कारखान्यातले केमिस्ट होते, तालुक्याच्या गावची वाचनालयं होती, हायस्कूलचे हेडमास्तर होते, बेळगाव, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरची मराठी घरं होती. पानं उलटता उलटता आपण कुणासाठी अंक काढतो ते कळायचं. एखादा विषय चालेल की नाही अशी शंका आली की संपादकसुद्धा ती वही मागवून घेत.

आता मी दर शुक्रवारी मराठी पुस्तकांविषयी एक न्यूजलेटर ईमेलनं पाठवते. माझी वही कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर आहे. ती उघडली की दिसतात टोपणनावं, जन्मसालं आणि त्यापुढे ‘जीमेल डॉट कॉम’. वाचणारी व्यक्ती लातूरला राहते की लीड्सला, शिक्षिका आहे की बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, काही सांगता येत नाही. ईमेलच्या पत्त्याला गाव नसतं. टपालाच्या पत्त्यात गावच मुख्य. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला, तो टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. त्यानंतर आमच्या वहीत सहा आकड्यांसाठी नवा रकाना आखला गेला. जुन्या वर्गणीदारांनी तो आकडा कधी कळवलाच नाही, तेव्हा व्यवस्थापककाका पोस्टातून यादी आणून एकेक पिनकोड स्वतः भरत. मी म्हटलं, ‘काका, पिनकोड नसला तरी अंक पोचतोच की.’ ते म्हणाले, ‘पोचतो गं, पण दोन दिवस उशिरा. पैसे त्यांनी आधी दिलेत ना?’

या एका वाक्यावर तेव्हाचा सगळा व्यवहार उभा होता. त्याकडे मी शेवटी येईन.

अंक छापून आला की दोन दिवस कचेरीत दुसरं काही चालत नसे. पत्ते सायक्लोस्टाइल करून ठेवलेले असत. ते कात्रीनं कापायचे, अंक गुंडाळायचा, वेष्टनावर खळीनं चिठ्ठी चिकटवायची, मग जिल्हावार गठ्ठे करून सुतळीनं बांधायचे. बोटांना खळीचा वास रात्रीपर्यंत राही. नोंदणीकृत नियतकालिकांना टपालात घसघशीत सवलत मिळते, पण त्यासाठी अंकावर नोंदणी क्रमांक छापावा लागतो आणि ठरलेल्या तारखांनाच अंक पोस्टात टाकावे लागतात. ती तारीख हुकली की पूर्ण दरानं तिकिटं लावा, म्हणजे महिन्याचा हिशेब कोलमडलाच. लेखक आजारी पडो, छापखान्यातली वीज जावो, तारीख थांबत नसे. नियमितपणा हा आमचा गुण नव्हता, पोस्टाची अट होती.

ईमेल पाठवायला तिकीट लागत नाही, म्हणून बरीच वर्षं तिथे अटही नव्हती. त्याचे परिणाम सगळ्यांच्या इनबॉक्सनं भोगले. १९७८च्या मे महिन्यात गॅरी थुर्क या अमेरिकी संगणकविक्रेत्यानं इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या अर्पानेटवर सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात धाडली. नकोशा ईमेलचा आद्य नमुना म्हणून तीच सांगितली जाते. न मागता पत्र पाठवायला काही खर्च येत नाही, हे तेव्हापासून जगाला कळलं. आता जीमेलनं पोस्टमास्तराची जागा घेतली आहे. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्याला आपली ओळख तांत्रिक सह्यांनी सिद्ध करावी लागते, एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्यावी लागते आणि ‘हे स्पॅम आहे’ असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. माझ्यासारख्या छोट्या यादीला हे सगळे नियम लागू होत नाहीत, पण वारा कुठून वाहतो ते कळतं. महिनोन्‌महिने गप्प राहून एकदम सगळ्या यादीवर पत्र सोडलं तर तेही संशयास्पद ठरू शकतं. म्हणजे तारीख पाळणं पुन्हा एकदा वरून लादलं गेलं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं.

वजनाचंही तसंच. टपाल हशील वजनावर. पुढच्या टप्प्याच्या वजनात अंक गेला की प्रत्येक प्रतीमागे पैसे वाढत, म्हणून चांगला लेख हातात असूनही एक फॉर्म कमी करावा लागे. ईमेलला वजन नाही अशी माझी समजूत होती. पण जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं पत्र कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी पट्टी टाकतं. त्यातही आपल्या भाषेला जास्त तिकीट पडतं, कारण युनिकोडच्या रूढ पद्धतीत साधं रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षराला, काना-मात्रेला, अनुस्वाराला, तीन-तीन बाइट लागतात. इंग्रजी लेखकाचा ऐसपैस लेख जिथे सुखरूप पोचतो, तिथे तेवढ्याच लांबीच्या मराठी लेखाची शेपटी कापली जाऊ शकते. तरी ही तक्रार जुन्या हालांपुढे काहीच नाही. नव्वदच्या दशकात, १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं त्यानंतरची कित्येक वर्षं, मराठी ईमेल म्हणजे रोमन लिपीतलं मराठी, नाहीतर सोबत जोडलेला फॉण्ट. तो समोरच्याच्या संगणकावर नसला की पत्रभर चौकोन आणि आकडे.

वाचक वाढवायचे मार्ग मात्र नवे वाटतात तेवढे नवे नाहीत. एकट्यानं लिहून थेट वाचकाच्या घरी पाठवायचं, हा आज सबस्टॅकसारख्या सेवांनी चालवलेला उद्योग विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४मध्ये सुरू केला होता. ‘निबंधमाला’ जवळजवळ सबंध त्यांनी एकट्यानं लिहिली, चौऱ्याऐंशी अंक, आणि त्यातली बरीच वर्षं सरकारी शाळेतली नोकरी सांभाळून. पुढचा अंक कधी येतो अशी हुरहुर वाचकाला लावण्याचं काम हरिभाऊ आपट्यांनी केलं. १८९०मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यात क्रमशः आली. तिच्यातल्या यमूचं पुढे काय झालं हे कळायला पुढचा अंक हवाच. ‘भाग दुसरा पुढच्या शुक्रवारी’ असं मी लिहिते ती युक्ती माझी नव्हे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. पुढे मासिकांना वर्षाकाठी वर्गणीदार जोडण्याची हक्काची वेळ मिळाली, कारण वर्गणी भरली की जाडजूड दिवाळी अंक त्यातच येई. ईमेल द्या आणि पीडीएफ पुस्तिका फुकट घ्या, अशी पाटी आज प्रत्येक न्यूजलेटरच्या दारावर दिसते, तिची ही पणजी.

या सगळ्यांत मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते किर्लोस्करवाडीचं उदाहरण. औंध संस्थानातल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कारखाना उभारला. नांगर आणि उसाचे चरक शेतकऱ्याला विकायचे, तर कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचायला हवी. म्हणून १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. सरळ म्हणायचं तर हे एका कंपनीचं न्यूजलेटर. शंकरराव चित्रकार होते, जाहिरातीचं काम त्यांच्याकडे होतं, पण वाचकाला रोज नांगराची गोष्ट सांगून चालणार नाही हे त्यांनी ओळखलं. उद्योग, प्रवास, विज्ञान, समाजसुधारणा असं करत करत खबरीतला कारखाना मागे सरला आणि मराठी मध्यमवर्गाचं मासिक पुढे आलं. पुढे सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात आले. १९३०मध्ये ‘स्त्री’, १९३४मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडं आली. आज प्रत्येक दुकान, बँक, औषधाची कंपनी मला ईमेल धाडते, आणि त्यांतल्या बहुतेकांत फक्त नांगरच असतो.

छोट्या मासिकांकडे एवढं बळ नसे. आमचं सगळं प्रचारकार्य म्हणजे आतल्या पानावरची चौकट: ‘आपण एक वर्गणीदार मिळवून द्यावा.’ आणि लोक देत. सोलापूरच्या एका शिक्षकांनी शाळेतल्या सहकाऱ्यांना, मग त्यांच्या व्याह्यांना, मग भाच्याला वर्गणीदार केलं होतं. वहीत त्यांच्या नावाखाली एक अख्खा गोतावळा तयार झाला होता. लग्नात, बारशात वर्षाची वर्गणी भेट देण्याची पद्धत होती. नमुना अंक मागणारी पोस्टकार्डं येत, तेव्हा काका आधी पत्ता वाचत. त्या गावात आपला एखादा वर्गणीदार असला तर उत्तरात लिहीत, ‘अमुक गृहस्थांकडे आमचे अंक आहेत, पाहून घ्यावेत.’ आता यातलं काही करायची गरज नाही. १९९६मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं तेव्हा प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘तुम्हीही फुकट ईमेल घ्या’ अशा अर्थाची ओळ आपोआप जोडली, आणि पत्र लिहिणारा प्रत्येक जण नकळत प्रचारक झाला. तशी ओळ किती तरी न्यूजलेटरच्या तळाशी आजही आहे. माझ्याही आहे. पण तिनं आलेला वाचक आणि सोलापूरच्या मास्तरांनी आणलेला वाचक यांत फरक राहतो. मास्तरांचा भाचा वर्गणी बंद करताना मास्तरांना काय सांगू, असा विचार करी.

गेल्या पंधरा वर्षांत मधेच एक निराळं युग येऊन गेलं, त्याची आठवण करायलाच हवी. फेसबुकवर पान काढा, वाचक तिथेच आहेत, पत्ते कशाला जमवता, असं सगळे म्हणत होते. आम्हीही गेलो. मग आपलं लिहिलेलं आपल्या वाचकाला दिसणार की नाही हे दुसरंच कुणी ठरवू लागलं. व्हॉट्सॲपवर तर आणखी मौज. लेख तुफान फिरे, पण चौथ्या गटात पोचेपर्यंत लेखकाचं नाव गळून पडलेलं आणि पाचव्यात एखाद्या दिवंगत साहित्यिकाचं चिकटलेलं. तेव्हा वाचक होते, वर्गणीदार नव्हते. या दमणुकीतूनच बरेच जण पुन्हा ईमेलकडे वळले. पत्त्यांची यादी उद्या दुसऱ्या सेवेकडे उचलून नेता येते, हे त्यामागचं साधं कारण. ट्विटरनं विकत घेतलेली रेव्ह्यू ही न्यूजलेटरसेवा २०२३च्या सुरुवातीला बंद पडली, टाइनीलेटर २०२४मध्ये. ज्यांनी यादी उतरवून घेतली होती त्यांनी दुसरीकडे घर केलं.

जुनं सगळं सोनं होतं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही, कारण वहीतली नावं मला आठवतात. बहुतेक पुरुषांची. अंक वाचणाऱ्या, पत्र पाठवणाऱ्या बाईचा पत्तासुद्धा ‘द्वारा श्री. अमुक’ असा असे. एका वर्गणीदार बाईंच्या नावाचा अंक सासरे बैठकीत वाचून संपवत, तो त्यांच्या हाती महिना उलटल्यावर लागे. तसं त्यांनीच मनीऑर्डरीच्या कुपनावर बारीक अक्षरात लिहून कळवलं होतं. आज माझ्या यादीतल्या बायकांचा पत्ता त्यांचा स्वतःचा आहे, पासवर्ड त्यांचा आहे, आणि पत्र त्यांच्याच फोनमध्ये उघडतं. परदेशातल्या मराठी माणसांचंही तेच. समुद्रटपालानं जाणारा अंक तिकडे पोचेस्तोवर ऋतू बदललेला असे. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’ आता संगणकावर वाचता येतं, आणि माझा शुक्रवारचा मजकूर न्यू जर्सीत आणि नाशकात एकाच क्षणी पडतो. गहाळ अंकाची तक्रारही संपली. त्या जागी ‘तुमचं पत्र प्रमोशन्समध्ये जातं’ ही तक्रार आली, जीमेलनं २०१३मध्ये इनबॉक्सचे कप्पे पाडल्यापासूनची.

कुपनाचा उल्लेख आला म्हणून सांगते. १८८०पासून चालत आलेली जुनी मनीऑर्डर २०१५मध्ये बंद झाली, तेव्हा पैसे पाठवायचं एक साधन गेलं असं लोक म्हणाले. आमच्यासाठी ती वाचकांची पत्रपेटी होती. फॉर्मच्या तळाशी मजकुराला चार बोटं जागा असे. तिथे वर्षभराचा अभिप्राय कोंबलेला सापडायचा: ‘कथा कमी करा.’ ‘शेतीवर काहीच नाही.’ ‘मार्चचा अंक वडिलांना वाचून दाखवला.’ टीकासुद्धा पैशांबरोबर येई, त्यामुळे ती ऐकून घ्यावीच लागे. आज मला कोणी किती वाजता पत्र उघडलं, कुठल्या दुव्यावर टिचकी मारली, याचे तक्ते मिळतात. पत्रात दडवलेलं एक अदृश्य चित्र हे मोजतं. सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेलमध्ये ते चित्र वाचकानं पत्र न उघडताही आधीच उतरवून घेण्याची सोय आली, आणि उघडण्याचे आकडे फुगले. तेव्हापासून तक्त्यात दिसणाऱ्या वाचकानं खरोखर वाचलं की नुसतं त्याच्या फोननं, हे सांगणं अवघड. मी आता तो आकडा बाजूला ठेवून आलेली उत्तरं पाहते. पत्राखाली प्रश्न टाकला की उत्तरं येतात, आणि त्यांचा सूर अजूनही कुपनासारखाच असतो.

निरोप घेण्याची रीतही बदलली. वर्गणी संपत आली की अंकात रंगीत चिठ्ठी जाई. उत्तर नाही आलं तर पुढचा अंक व्ही.पी.नं. पोस्टमन दारात उभा, पैसे भरा नाहीतर परत करा. परत आलेल्या व्ही.पी.चा भुर्दंड मासिकाला बसे, आणि काका त्या नावापुढे लाल पेन्सिलीनं फुली मारत. वर्षातून एकदा येणारा हा निकाल. माझा निकाल दर शुक्रवारी लागतो. पत्र गेल्यावर तासाभरात दोन-तीन जण ‘अनसबस्क्राइब’ करून जातात. पहिल्यांदा जिव्हारी लागायचं. आता वाटतं, दारातल्या पोस्टमनसमोर ओशाळं होऊन वर्षभर नको असलेला अंक घेण्यापेक्षा हे बरं.

आणि आता काकांचं ते वाक्य. आगाऊ वर्गणी म्हणजे वाचकानं बारा अंक न बघता पैसे मोजायचे. हिशेबाच्या भाषेत ती रक्कम मासिकाची मिळकत नव्हेच, देणं. दर महिन्याला एक अंक गेला की त्यातला बारावा हिस्सा फिटे. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी अंक आधी आणि वर्गणी मागाहून हाही प्रयोग केला, आणि थकबाकीदारांना विनवण्या करता करता त्यातली कितीतरी पत्रं बुडाली. म्हणून आगाऊ वर्गणीचा रिवाज घट्ट झाला. त्यातून पैशांपलीकडची एक गोष्ट घडली: संपादक वाचकाचा देणेकरी झाला. पिनकोड शोधणं, हरवलेला अंक पुन्हा पाठवणं, मासिक बंद करताना उरलेली वर्गणी परत करणं, हे सगळं त्या देण्याच्या जाणिवेतून येत होतं.

फुकट न्यूजलेटरनं ही जागा उलटी केली. मी आठवडाभर खपून लिहिते, पैसे घेत नाही, तेव्हा वाचकानं उघडावं, पुढे पाठवावं, उत्तर द्यावं, अशी अपेक्षा मनात मुरते. यादी वाढवण्याचे सल्ले देणारे सगळे याच बाजूनं बोलतात: वाचकाकडून काय काढून घेता येईल. विषयाच्या ओळीत घबराट निर्माण करा, ‘शेवटचे दोन तास’ लिहा, न उघडणाऱ्याला तीन वेळा टोचा. यानं आकडे काही काळ वाढतातही. पण वाचकानं मला काहीच दिलेलं नाही असं समजण्यात गफलत आहे. रोज शंभर जण त्याच्या इनबॉक्सवर टपून असताना त्यानं स्वतःहून आपला पत्ता लिहून दिला, ही त्याची आगाऊ वर्गणी. पैसे घेऊन लिहिणाऱ्यांना हे चटकन कळतं. सबस्टॅक वर्गणीतले दहा टक्के कापून घेतं, उरलेल्या नव्वदाचा हिशेब लेखकाला द्यावाच लागतो. फुकट लिहिणाऱ्याला तो हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

मी तो असा मांडते. पत्ता दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. जे सांगून पत्ता घेतला तेच पाठवायचं, पुस्तकांच्या यादीत गृहकर्जाची जाहिरात घालायची नाही. शुक्रवार चुकणार असेल तर गुरुवारी दोन ओळी लिहायच्या. वर्षभर ज्यांची काहीच हालचाल नाही त्यांना एकदा विचारायचं, पत्र हवंय का, आणि उत्तर नाही आलं तर नाव काढायचं. त्यानं यादी लहान होते. यादी वाढवण्याच्या कुठल्याही शिकवणीत हे शेवटचं कलम पहिल्या पानावर नसतं. पण मोठ्या यादीचं भाडं मला परवडतं, न फेडलेलं देणं परवडत नाही.